आधी आवाज, मग पुस्तक

फोंडा तालुक्यातून एका 66 वर्षांच्या बाईंचं पत्र आलं आहे. यजमान वीज खात्यात लाइनमन होते. गावच्या जत्रेतल्या नाटकांत त्यांनी तीस वर्षं कामं केली, भजनात गायले. दहा महिन्यांपूर्वी ते गेले. वर्षश्राद्धाला दोन महिने उरले आहेत. पुण्याला असलेल्या मुलाच्या मनात त्या दिवशी पाचशे प्रतींची रंगीत स्मरणिका काढायची आहे, मंत्री-आमदारांच्या संदेशांसकट. म्हापशाला दिलेली लेक फोटोंचं कपाट उघडलं की उठून जाते. बाईंची भीती वेगळीच आहे: यजमानांचा आवाज आपण विसरून जाऊ. यजमानांच्या फोनवरचे जुने व्हॉइस मेसेज त्या रोज रात्री ऐकतात. मुलगा म्हणतो, त्या नंबरचं रिचार्ज आता थांबवू या. कपाटात भजनाच्या अकरा कॅसेट आहेत, त्या वाजतात की नाही ठाऊक नाही. शिवाय एक सल आहे. 1988 साली नाटकाच्या खर्चासाठी यजमानांनी बाईंच्या चार पाटल्या न विचारता गहाण टाकल्या. दोन सोडवल्या, दोन गेल्या. 'अशा देवमाणसाबद्दल हे आठवणं पाप का? आणि पुस्तक काढलं तर त्यात काय घालायचं?' असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रात 'दोन महिने' हे शब्द तीन ठिकाणी आले आहेत. तिथूनच सुरुवात करू या. वर्षश्राद्धाला तिथी असते, ती पाळायची. भटजींकडून ती आजच नक्की करून घ्या आणि मुलाला इंग्रजी तारीख कळवा. तिथी गेल्या वर्षीच्या तारखेला येत नाही. मधे अधिक महिना असला तर ती बरीच पुढे जाते आणि पुण्याहून काढलेली रजा वाया जाते. पुस्तकाला मात्र तिथी नसते. दोन महिन्यांत पाचशे प्रती काढायला घेतल्या की पहिली दहा पानं संदेशांची होतात, मग 'मनमिळाऊ', 'हसतमुख', 'सर्वांच्या मदतीला धावणारे' हेच शब्द पंधरा लेखांत फिरतात आणि फोटोखालची नावं चुकतात. वाचून झाल्यावर तो माणूस कसा बोलायचा, कशावर चिडायचा, बाजारात कुठलं नुस्तं (मासळी) आधी हातात घ्यायचा, काहीच कळत नाही.

मुलाचा हेतू चांगला आहे. बाबांचं मोठेपण गावाने पाहावं असं त्याला वाटतं, आणि लांब राहणाऱ्या मुलाला ते अधिकच वाटतं. त्याला 'नको' म्हणू नका. छपाई पुढच्या वर्षीही होईल, पण काही गोष्टी पुढच्या वर्षी उरणार नाहीत आणि त्या वाचवायला तुझी गरज आहे, एवढं त्याला सांगा.

त्यांतली पहिली गोष्ट फोन. रिचार्ज एवढ्यात थांबवू नका. नंबर बंद पडला की काही काळाने कंपनी तो दुसऱ्या कुणाला देते. त्या माणसाने त्यावर व्हॉट्सॲप सुरू केलं की तुमच्या हातातल्या फोनवरचं खातं बाहेर पडतं. नुसतं पडून राहिलेलं खातंही 120 दिवसांनी मिटवलं जातं. तुम्ही रोज फोन उघडता म्हणूनच ते आजवर टिकलं असणार. शिवाय बँकेचे आणि पेन्शनचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतील. ती कामं पुरी होईपर्यंत नंबर चालू हवा, आणि मृत्यूचा दाखला दाखवून तो वारसाच्या नावावर करून घेता येतो. फोन उघडण्याचा आकडा वहीत लिहून ठेवा. जुना झाला म्हणून कुणी तो 'रिसेट' करून देतो म्हणालं तर हातात देऊ नका. रात्रभर चार्जिंगला लावू नका. बॅटरी फुगून पडदा वर उचलल्यासारखा दिसला तर चार्जिंग ताबडतोब थांबवा आणि दुरुस्तीवाल्याला समोर बसवूनच बॅटरी बदलून घ्या.

मग प्रती. फोन अँड्रॉइडचा असेल तर केबलने लॅपटॉपला जोडून फाइल्समध्ये 'अँड्रॉइड', 'मीडिया', त्यात व्हॉट्सॲपचं फोल्डर, त्यात पुन्हा 'मीडिया' आणि शेवटी 'व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स' असं आत जायचं. आत आठवड्यागणिक फोल्डर असतात. सगळे उचला, निवडत बसू नका. फाइलच्या नावातच तारीख असते, म्हणून नाव बदलू नका. या फाइली 'ओपस' प्रकारच्या असतात. काही संगीताच्या ॲपवर त्या वाजत नाहीत आणि 'खराब झाल्या' म्हणून लोक पुसून टाकतात. व्हीएलसी या ॲपवर त्या वाजतात. आवाज कुणाचा, हे मात्र या फाइली सांगत नाहीत. त्यासाठी तुमच्या, मुलाच्या आणि लेकीच्या फोनवर त्यांच्याशी झालेलं चॅट उघडून 'एक्स्पोर्ट चॅट' करायचं आणि 'मीडियासह' निवडायचं. त्यात एक साधी मजकुराची फाइल मिळते. कुठला मेसेज कुणाचा, किती वाजताचा, ते तिच्यात ओळीने असतं. नाटकमंडळाच्या आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी टाकलेलं बोलणं तुमच्या कुणाच्याच फोनवर नसेल, तेव्हा त्या सोबत्यांनाही सांगा. मोबाइल बदलताना लोक हे सगळं मागे सोडतात.

तीन प्रती करा: एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक मुलाकडे पुण्याला, एक इंटरनेटवरच्या ड्राइव्हमध्ये. नुसत्या पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका, तो न सांगता जातो. चौथी प्रत तुमच्या स्वतःच्या फोनवर घाला आणि रात्री तीच ऐका. रोज ऐकण्यात काही वावगं नाही, ताई. धोका इतकाच की आज ती एकुलती एक प्रत आहे आणि अंधारात बोट चुकीच्या जागी पडायला एक क्षण लागतो.

आता कॅसेटी. टेपरेकॉर्डर सापडला म्हणून लगेच लावू नका. गोव्याच्या दमट हवेत वीस-तीस वर्षं कपाटात राहिलेल्या टेपवर बुरशी येते. कॅसेटच्या मधल्या खिडकीतून उजेडात पाहा: गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बाजूला ठेवा. तशीच वाजवली तर भुकटी यंत्राच्या हेडवर बसते, पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते आणि टेप चिकटलेली असेल तर तुटते. अशा कॅसेटी जाणकाराकडेच द्यायच्या. बाकीच्यांच्या वरच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लास्टिकचे चिमुकले तुकडे असतात. ते मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं काही टेप होणार नाही. मग खालच्या कडेच्या मध्यभागी टेपच्या मागे फेल्टचा छोटा तुकडा आहे का पाहा. जुना गोंद वाळून तो गळतो आणि आवाज घुसमटल्यासारखा येतो. भजन बिघडलं असं समजून अशा कॅसेटी फेकल्या जातात. खरं तर टेप तशीच दुसऱ्या कॅसेटच्या स्क्रूवाल्या कवचात बसवली की आवाज मोकळा होतो.

वाजवण्यापूर्वी पेन्सिल घालून चार वेढे हाताने फिरवा, गुंडाळी मोकळी आहे ना ते कळतं. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे. आणि पहिल्यांदा वाजवतानाच लॅपटॉपवर रेकॉर्ड करा, कारण जुन्या टेपचं पहिलं वाजणं शेवटचं ठरू शकतं. हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या ऑडिओ इनमध्ये वायर, 'ऑडॅसिटी' हा फुकट प्रोग्राम, आणि फाइल 'वेव्ह' प्रकारची. 90 मिनिटांच्या कॅसेटला साधारण 900 एमबी जागा लागते. खरखर काढण्याच्या मागे आत्ता लागू नका. जे निघतं त्यात गाणाऱ्याचा श्वासही निघून जातो. मूळ फाइल तशीच ठेवून दुसऱ्या प्रतीवर हवं ते करा. आणि दोन भजनांच्या मधलं खोकणं, पेटीवाल्याला हळूच सांगितलेलं 'वयर घे' कापू नका.

फोन आणि कॅसेटीइतकंच घाईचं आणखी एक आहे: त्यांच्याबरोबरची माणसं. तालमीला बसलेले, खांबावर चढताना खाली शिडी धरलेले, त्यांच्याच वयाचे. त्यांच्याकडून 'चार शब्द लिहून द्या' म्हणून लेख मागू नका. लिहायला बसलं की चांगला बोलणारा माणूसही 'थोर व्यक्तिमत्त्व' लिहून देतो. त्यांच्या घरी जा आणि बोलतं करा. दुपारचं जेवण झाल्यावर, अर्धा-पाऊण तास, एका वेळी एकच माणूस. पंखा बंद, फोन घडी घातलेल्या रुमालावर, विमान मोडमध्ये. सुरुवातीला त्यांचं नाव आणि तारीख बोलून घ्या. 'कसे होते हो ते?' हा प्रश्न नको. त्याचं उत्तर 'बरे मनीस' एवढंच येतं. त्यांनी पहिल्यांदा कुठल्या भूमिकेत तोंडाला रंग लावला? वादळात लाइन तुटल्यावर रात्री कुठपर्यंत गेले होते? नाटक संपल्यावर पहाटे चहा कुणाच्या घरी व्हायचा? त्यांचा आणि तुमचा तंटा कशावरून झाला होता?

वर्षं कुणालाच आठवत नाहीत. 'शहाऐंशी साल की सत्त्याऐंशी?' असं विचारू नका. सगळ्या गोव्याला ठाऊक असलेल्या खुणा द्या: मुक्तीच्या आधी की नंतर, जनमत कौलाच्या (गोवा महाराष्ट्रात जावा की नाही, त्या मतदानाच्या) वेळी शाळेत होते का, मांडवीचा पूल पडला त्याआधी की नंतर, कोकण रेल्वे आली तेव्हा काय करत होते. मुक्ती 19 डिसेंबर 1961, कौल 16 जानेवारी 1967, पूल 5 जुलै 1986, गोवा घटक राज्य झालं 30 मे 1987, पूर्ण कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998. या पाच खुणांच्या मधे बहुतेक आठवणी आपोआप बसतात आणि फोटोही. नाटकाच्या तारखेला तर आणखी नेमका धागा आहे. जत्रा तिथीची असते. कवळ्याची माघ शुद्ध पंचमीला, शिरगावची वैशाख शुद्ध पंचमीला, तशी तुमच्या गावचीही ठरलेली असेल. साल कळलं की जुन्या पंचांगावरून इंग्रजी तारीख निघते, आणि मग पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात त्या तारखेनंतरच्या आठवड्याभराची वर्तमानपत्रं मागून पाहता येतात. नाट्यस्पर्धेतलं काम असेल तर बातमी सापडण्याची शक्यता जास्त.

जन्मतारीख लिहिताना सावध राहा. त्या पिढीत शाळेतली तारीख एक आणि खरी दुसरी, असं सर्रास असायचं. 1961 पूर्वीची जन्मनोंद पोर्तुगीजमध्ये असते आणि नावं त्यांच्या वळणाने लिहिलेली असतात, 'श'ला एक्स, शेणईचं सिनाय, प्रभूचं पोरोबो, त्यामुळे शोधताना माणूस सापडत नाही असं वाटतं. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कचेरीत वडिलांचं नाव आणि गाव देऊन शोधा. दोन तारखा निघाल्या तर दोन्ही लिहा आणि कुठली कुठून आली तेही.

फोटोंना थोडा वेळ आहे, पण त्यांचे शत्रू घरातच असतात. हार घातलेल्या फ्रेममध्ये मूळ फोटो असेल तर तो तिथून काढून प्रत लावा. ट्यूबलाइट, समईची काजळी आणि ओल्या हारांचा दमटपणा यांनी काही वर्षांत तो फिका पडतो. काचेला चिकटला असेल तर ओढू नका. काचेसकट स्कॅन करा किंवा खिडकीशी, उन्हाचा झोत टाळून, त्याचाच फोटो घ्या. चिकट पानांच्या आणि वर प्लास्टिक असलेल्या अल्बममधले फोटोही उचकटू नका. दात साफ करायचा बारीक दोरा मागून करवतीसारखा हळू सरकवला की बरेचसे सुटतात. जे सुटत नाहीत ते पान तसंच स्कॅन करा. साध्या फोटोला 600 डीपीआय, पासपोर्ट साइझला 1200. पाठीमागे बॉलपेनने लिहू नका, पुढे उमटतं. मऊ पेन्सिलीने कडेला हलकं लिहा. आणि काहीही झालं तरी लॅमिनेट करू नका, ना फोटो, ना सर्टिफिकेट, ना त्यांनी हाताने उतरवलेली भूमिकेची नक्कल. प्लास्टिक एकदा बसलं की सुटत नाही, आतला कागद तसाच पिवळा पडत जातो. नक्कल पानापानाने मोबाइलवर टिपा, मुखपृष्ठ आणि कोरी पानंसुद्धा. समासात त्यांनी कुठे थांबायचं, कुठे वळायचं अशा खुणा केलेल्या असतील. हे काम पावसात काढू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडे महिने बघा. सगळं कागदी लिफाफ्यांत घालून, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, बाहेरच्या ओल्या भिंतीपासून लांबच्या कपाटात. डांबरगोळ्या नकोत.

त्यांचा एखादा न धुतलेला शर्ट तुम्ही जपून ठेवला असेल, तर आमच्या हवेत घामाच्या कपड्याला कसर आणि बुरशी लवकर लागते हे लक्षात असू द्या. घट्ट बंद पिशवीत एक ठेवा, बाकीचे धुऊन ठेवा. त्यांची पकड, टेस्टर यांना मशीनच्या तेलाचा हलका हात लावून पुसा. अशा प्रत्येक वस्तूबरोबर दोन ओळींची चिठ्ठी हवी. चिठ्ठी नसलेली पकड नातवाला भंगार वाटेल. आवराआवरीत घराच्या, बागायतीच्या वाटणीचे, इन्व्हेंटरीचे (कोर्टातल्या वारसा-वाटणीचे) जुने पोर्तुगीज कागद हाती लागले तर वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका. वेगळा करार नसेल तर गोव्यात नवरा-बायकोच्या मालमत्तेत तुमचा अर्धा हिस्सा असतो, आणि वारसाच्या कामात वकील हेच कागद मागतो.

आता पाटल्या. 'देवमाणूस' हा शब्द त्यांना कोणी दिला? ज्यांच्या घरचा दिवा त्यांनी भर पावसात लावून दिला त्यांनी, ज्यांनी त्यांना रंगमंचावर पाहिलं त्यांनी. ते खोटं बोलत नाहीत. पण त्यांनी त्यांच्याबरोबर संसार केला नाही, तुम्ही केला. चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्या नवऱ्यातलं जे दुखलं ते काढून टाकलं तर तुमच्या वाट्याला तोच देवमाणूस उरेल, जो सगळ्या गावाला ठाऊक आहे. मग तुम्ही नेमकं कुणाला आठवायचं? म्हणून पाप वगैरे काही नाही. आणि एक पाहा: 'न विचारता' हे तुम्ही दोनदा लिहिलं आहे, सोन्याचं वजन एकदाही नाही.

ही गोष्ट पुस्तकात घालायची का, हे मुलाने ठरवायचं नाही. पाटल्या तुमच्या होत्या. पण घालण्यापूर्वी ती पुरी लिहून पाहा, फक्त स्वतःसाठी: कुठल्या नाटकासाठी, तुम्हाला कसं कळलं, त्या रात्री घरात काय बोलणं झालं किंवा झालंच नाही, पहिली पाटली त्यांनी कधी आणि कुठल्या पैशांनी सोडवून आणली, हातात देताना काय म्हणाले. लाइनमनच्या पगारातून दोन पाटल्या सोडवणं सोपं नव्हतं, आणि दोन राहून गेल्या हेही खरंच. लिहून झाल्यावर महिनाभर ठेवा. मग वाचून तुम्हाला वाटलं की नाटकाचं वेड कळायला ही गोष्ट हवीच, तर घाला, सगळी घाला, अर्धी नको. ती वाचताना हयात असलेल्या कुणाची मान खाली जाणार असेल, ज्याने पैसे बुडवले असा कोणी सोबती असेल, तर ती घरच्या वहीत राहू द्या. तिथे ती तितकीच खरी असेल.

घरची वही म्हणजे साधी 200 पानी. तारीख नको, क्रम नको, आठवेल तसं. विशेषणं टाळा. 'प्रेमळ होते' याऐवजी सकाळी पदेराची (पाववाल्याची) पोंपोंप ऐकून ते आत काय ओरडायचे ते लिहा. चवथीला माटोळीला (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताला) कुठलं फळ कुठे बांधायचे, ते आता दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे का, तेही लिहा. त्यांचं बोलणं मराठीत वळवू नका. आपण वाचतो-लिहितो मराठी, पण घरात ते कोकणी बोलत असतील. 'जातलें, भियेनाका' याचं 'होईल, घाबरू नकोस' केलं की अर्थ तोच राहतो आणि आवाज जातो.

यातून वर्षभरात पुस्तक सहज निघेल. 32 पानी, ए5 आकाराचं, मधोमध पिन मारलेलं. पानसंख्या चारच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं येतात आणि ती भरायला संदेश घालावे लागतात. साधा 100 जीएसएमचा मॅपलिथो कागद पुरतो. पहिल्या खेपेला पन्नास-साठ प्रती डिजिटल छपाईवर. चूक सापडली तर पुढच्या खेपेला दुरुस्त करता येते, पाचशे प्रतींतली करता येत नाही. डीटीपीवाल्याकडे मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि तो जुन्या फाँटमध्ये वळवणार असेल तर प्रूफ दोनदा वाचा. रफार आणि जोडाक्षरं तिथेच फुटतात. नावं आणि तारखा घरच्याने नव्हे, बाहेरच्या माणसाने तपासाव्यात. घरच्याला चूक दिसत नाही, त्याला बरोबर काय ते आधीच ठाऊक असतं. भजनाचा क्यूआर कोड छापायचा असेल तर छापा, पण दुवे बंद पडतात, म्हणून जवळच्यांना फाइलही द्या. संदेशांबद्दल मुलाचा फारच आग्रह असेल तर एक पान द्या, शेवटचं. वर्षश्राद्धाच्या दिवशी हातात काहीतरी असावंसं वाटत असेल तर एकच दुमडलेला कागद पुरे: त्यांचा एक फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा, नक्कलेचं एक पान, आणि खाली 'त्यांची आठवण असेल तर आम्हाला सांगा' एवढी ओळ. त्या दिवशी जमलेल्यांतूनच पुस्तकाचा निम्मा मजकूर येईल.

लेकीला फोटोंपाशी बसवू नका. ती उठून जाते याचा अर्थ तिला आठवायचं नाही असा नाही. चेहरा तिला अजून झेपत नसेल. तिला असं काम द्या ज्यात पाहावं किंवा ऐकावं लागत नाही: फाइली मोजून तीन ठिकाणी पोचल्या का ते बघणं, नावं-तारखांची यादी, ग्रंथालयात जाऊन वर्तमानपत्र काढणं. नको म्हणाली तर तेही सोडून द्या. तिच्या फोनवरचं चॅट तेवढं एक्स्पोर्ट करायला सांगा, उघडून न वाचता. दोन मिनिटांचं काम आहे, आणि बापाने लेकीला पाठवलेलं बोलणं दुसऱ्या कुणाकडे नसतं.